बसायचं असेल तर हँडल मारा

दौलत रामटेके गेल्याची बातमी मला ज्या माणसानं दिली, त्याला दौलतविषयी बोलायचंच नव्हतं. पुतणीच्या लग्नासाठी मी चार दिवस यवतमाळला होतो. सोमवारी शाळेत पाऊल ठेवतो न ठेवतो तोच ऑफिसातल्या फोनवर बोलावणं आलं. पलीकडे साहेब होते, आमच्या नागपुरातल्या जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. "रामटेके गेले म्हणे शुक्रवारी. वाईट झालं," एवढं म्हणून त्यांनी श्वास घेतला आणि विचारलं, "गाडी सध्या कुठं उभी आहे?" ... मी फोन आपटला. पुढच्या टेबलावरचा कारकून मान वर करून बघायला लागला, त्यालाही काहीतरी तोडून बोललो. साहेबांचं नाव इथं लिहीत नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं, आणि ते सुख त्यांना माझ्या हातून मिळू नये. गाडीचंही नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक पहिल्यांदा किंमत विचारतात.

सायकल काढून सदरहून थेट नंदनवनला दौलतच्या घरी गेलो. तोवर सगळं आटोपलं होतं. शुक्रवारी दुपारी जेवून दौलत आडवा झाला तो उठलाच नाही. त्याची बायको, सुभद्रावहिनी, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून रडल्या नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाल्या, घाटावर लोकांनी तुमची वाट पाहिली. वीस वर्षं दर रविवारी या घरी येणारा मी त्या एका दिवशी लग्नात मठ्ठा वाढत फिरत होतो. याचा राग कुणावर काढायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती, आणि दाराशेजारच्या खिळ्यावर ती चालू करायचं हँडल नेहमीसारखं टांगलेलं होतं.

दौलत कारखान्यात फिटर होता. मी तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवतो. साठीच्या दशकात एकदा तो तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक मोडकं दातेरी चाक घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि याचा नकाशा काढून द्या म्हणाला. अर्धे दात उडालेले होते. उरलेल्यांवरून मी हिशेब मांडला, कागदावर पूर्ण चाक काढून दिलं आणि विसरून गेलो. तीन आठवड्यांनी तो परत आला. पोलादाच्या तुकड्यातून, नुसत्या कानशीनं घासून त्यानं ते चाक उभं केलं होतं. मी माप घेतलं. माझ्या नकाशात एका जागी चूक होती, ती त्यानं चाकात दुरुस्त केली होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोलला नव्हता. त्याच रविवारी मी त्याची गाडी बघायला गेलो आणि मग जातच राहिलो.

गाडी म्हणजे तेव्हा नुसता सांगाडा होता. दौलतच्या गावच्या जुन्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, ही विलायती मोटार. मालगुजारी गेली तशी ती गोठ्यात जाऊन पडली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या आणि तळाच्या फळीतून कडुलिंबाचं रोप वर आलं होतं. मालगुजाराच्या मुलानं ती भंगारात काढली तेव्हा दौलतनं ती घेतली आणि बैलजोडी जुंपून ओढत नंदनवनला आणली. पत्र्याखालचा लाकडी सापळा वाळवीनं खाल्ला होता. तो त्यानं सागवानात नव्यानं केला, एकेक सांधा लाकडातच बसवून. नागपूरच्या मे महिन्यात ते लाकूड तडकू नये म्हणून शेडच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि दिवसातून चार वेळा त्यांच्यावर पाणी मारलं. घरात एक टेबलफॅन, तोही गरम हवा फेकणारा. सुभद्रावहिनी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "घरात माणसं भाजून राहिले, अन् गाडीले वाळ्याची हवा." दौलत कानस चालवत राहायचा. वहिनी त्या गाडीत कधीच बसल्या नाहीत. दिवाळीलाही नाही.

सात वर्षांनी गाडी रस्त्यावर आली. सुट्या भागांसाठी त्यानं विलायतेला एक पत्रही पाठवलं नाही. पंपाचं झाकण स्वतः साचा करून पितळेत ओतलं, गॅस्केट कातरून घेतलं, ब्रेक नवे केले, मागं लाल दिवा लावला, वळण्याचे दिवे लावले. सगळं सुधारलं, बटणावर चालू होणारा सेल्फ मात्र लावला नाही. मी किती वेळा सुचवलं. जागा आहे, बॅटरी आहे, एका दिवसाचं काम आहे. तो म्हणायचा, राहू द्या. गाडी चालू व्हायची ती पुढून हँडल फिरवूनच. आणि त्याचा एक नियम होता: गाडीत जो बसेल त्यानं आधी हँडलचा निदान एक फेरा मारायचा. मग तो कोणी का असेना. माझ्या हेडमास्तरांनी मारला, गाडी तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरनं मारला, माझ्या बायकोनं पदर खोचून मारला. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ वळायची नाही, नाहीतर इंजिन उलटं फिरलं की अंगठा गेलाच, हे तो प्रत्येकाला शिकवायचा. मला वाटायचं हा त्याचा विक्षिप्तपणा. हुशार फिटरला एखादा असतोच, असं मी लोकांना कौतुकानं सांगतही असे. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. त्या सगळ्या वर्षांत एकदाही मी त्याला सरळ विचारलं नाही, "काहून?"

मग आमच्या ओळखीच्या चौदाव्या वर्षी ती रॅली आली. मंडळाची पहिलीच. मैदानात पंधरा-वीस गाड्या मांडलेल्या, त्यातल्या बऱ्याचशा ड्रायव्हरांनी पुसलेल्या. मालक गॉगल लावून बाजूला उभे. स्वतःच्या गाडीखाली स्वतः झोपलेला मालक एकटा दौलत. साहेब मुख्य परीक्षक होते. बॉनेट उघडून पाहताना त्यांचा चेहरा बदलला, हे मी मान्य करतो. माणसाला गाडी कळत होती. त्यांनी सागवानावरून हात फिरवला, पितळी झाकणाजवळ वाकले. मग म्हणाले, एक चक्कर मारून बघतो, आणि थेट चालकाच्या जागेवर जाऊन बसले. दौलतनं खिळ्यावरून काढावं तसं सीटखालून हँडल काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. शांतपणे सांगितलं, आमच्या गाडीत बसायचं असल तर आधी एक फेरा मारा लागते. साहेब हसले. "आमच्याकडे हँडल मारायला माणूस असतो," म्हणाले. आजूबाजूचे मालकही हसले. दौलत हँडल धरून तसाच उभा. आता बक्षीस जाणार, सात वर्षांची मेहनत या एका हट्टापायी मातीत जाणार, असं माझ्या मनात आलं आणि मी पुढं झालो. त्याच्या हातातून हँडल घेतलं, साहेबांसाठी वाकलो आणि भोकात बसवलं.

दौलत धावला. मला वाटलं मला अडवायला. पण तो माझ्याकडे आला नाही. तो चालकाच्या दाराशी गेला, साहेबांच्या छातीसमोरून आत हात घातला आणि स्टेअरिंगवरची एक छोटी कळ मागं ओढली. मी हँडल फिरवलं, गाडी दुसऱ्या फेऱ्याला चालू झाली, साहेब चक्कर मारून आले. पहिलं बक्षीस दौलतला मिळालं. भला मोठा चांदीच्या रंगाचा कप. तो घ्यायला गेला तेव्हा टाळ्या माझ्याच सगळ्यात मोठ्या होत्या. परतताना त्यानं सदरच्या चौकात मला उतरवलं, तेव्हा फक्त म्हणाला, "काहून वाकले मास्तर तुमी त्याच्यासाठी?" उत्तराची वाट न बघता गाडी पुढं घेतली. पुढचे चार महिने त्यानं मला रविवारी बोलावलं नाही.

मी रागावलो होतो. बक्षीस मिळवून दिलं, वर हा तोरा! शेवटी मीच एका रविवारी गेलो. दौलत बाजारात गेला होता. सुभद्रावहिनींनी मला बसवलं आणि जे त्यानं इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते तांदूळ निवडत सांगितलं. दौलतचा बाप त्या मालगुजाराकडे होता. त्याचं काम एकच, मोटारीपुढं उभं राहून हँडल मारायचं. गाडी धुवायची, पुसायची, चालू करून द्यायची आणि धूळ खात बाजूला व्हायचं. सीटला त्याचा हात लागलेला चालत नसे. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे ठरवणारी कळ आत बसणाऱ्याच्या हाताशी असते. चालू करताना ती मागं ओढावीच लागते, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं. एकदा मालगुजार घाईत होता. त्यानं कळ ओढली नाही. बापाचं मनगट मोडलं. मालगुजार दुसरा माणूस बोलावून गाडी चालू करून निघून गेला. मनगट वाकडंच सांधलं गेलं. छप्पनच्या दसऱ्याला बापानं दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आवारात पाय ठेवला नाही, पण भाकरीचा घास मरेपर्यंत डाव्या हातानंच उचलला. "हे तेच हँडल मारलं तुमी," वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्यानं बसाव म्हणून."

मला तेव्हा स्वतःची लाज वाटली, आणि आज सांगतो, दौलतचा रागही आला. अजून येतो. एवढं सगळं पोटात ठेवून तू माझ्याशी चौदा वर्षं गिअरचे दात मोजत बसलास? एकदा बोलला असतास, तर मी त्या मैदानात तुझ्या शेजारी हात बांधून उभा राहिलो असतो... पण मग वाटतं, मला सांगावं लागावंच का? मला तर चाकात नसलेले दातही उरलेल्या दातांवरून काढता येत होते. दौलत बाजारातून आला, मला पाहिलं, पिशवी ठेवली आणि कानस माझ्या हातात दिली. समेट तेवढाच. मी माफी मागितली की नाही, आठवत नाही. बहुतेक नाही. तो कप शेडमध्ये फळीवर होता, त्यात तो ग्रीस ठेवायचा.

तो गेल्यावर दहा दिवसांनी मंडळानं शोकसभा घेतली. साहेब बोलले. त्या कपाविषयी बोलले, रामटेक्यांनी गाडीचं मूळ रूप जसंच्या तसं जपलं असं बोलले. मूळ रूपात कोंबड्या होत्या आणि वाळवी होती! त्या गाडीत बघण्यासारखं जे काही आहे ते एका माणसाच्या दोन हातांनी केलेलं आहे, आणि 'जपलं' असं म्हणून हे लोक नेमकं तेवढंच पुसून टाकत होते. मी उठून बोलायला हवं होतं. चहा येईपर्यंत बसून राहिलो आणि घरी आल्यावर बायकोवर ओरडलो.

बौद्ध रिवाजाप्रमाणे जलदानाचा विधी झाला, त्यानंतरच्या रविवारी सकाळी साहेब नंदनवनला आले. मी तिथंच होतो. स्वतःची गाडी, गणवेशातला ड्रायव्हर. ओसरीवर न बसताच ते वहिनींशी बोलले. गाडी आमच्याकडे द्या, छपराखाली राहील, निगा राहील, खाली रामटेक्यांच्या नावाची पाटी लावू. किती द्यायचे ते तुम्ही सांगा. वहिनी ऐकत राहिल्या. मग उठल्या, शेडचं दार उघडलं, खिळ्यावरून हँडल काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"पैसे राहू द्या," म्हणाल्या. "हँडल मारा. चालू झाली त घेऊन जा."

साहेबांनी मान हलवून ड्रायव्हरला खूण केली. वहिनींनी हात मागं घेतला. "तो नाही. तुमी."

साहेब हसले, पण या वेळी त्यांच्याबरोबर हसणारं कोणी नव्हतं. वयाचं काहीतरी बोलले. खोटं होतं, ते रोज सकाळी बॅडमिंटन खेळतात. मग माझ्याकडे वळले आणि अगदी सहज म्हणाले, "मास्तर, तुम्ही मारा. त्या दिवशीसारखं."

"नाही," मी म्हटलं.

आणखी पुष्कळ बोलायचं योजलं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. पण तेवढंच निघालं. साहेबांनी एकदा हँडलकडे पाहिलं, नुसतं पुढं होऊन ते घ्यायचं होतं, एक फेरा मारायचा होता. मला त्या क्षणी खरंच वाटलं की हा माणूस वाकेल आणि गाडी जाईल. गाडीवर त्यांचा जीव होता, हे मैदानात मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ते वाकले नाहीत. नंतर बोलू म्हणाले आणि गेले. फुकट मिळणारी गाडी सोडून गेले, पण वाकले नाहीत.

वहिनी म्हणाल्या, महिना झाला, हलली नाही, ते असते त बोंबलले असते. पदर खोचला आणि हँडल घेऊन गाडीच्या पुढं गेल्या. दौलतच्या बापाची सून, वीस वर्षं या गाडीचा राग केलेली. त्या वाकल्या तसा मी चालकाच्या दाराशी धावलो, आत हात घातला आणि कळ मागं ओढली. मग अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, असं त्यांना सांगितलं.

"मले माईत आहे," वहिनी म्हणाल्या, आणि हँडल फिरवलं.