उत्तराविना राहिलेला पंतुन

बिबिक सिओक नेओ,

हे पत्र तुम्हांला पोचायचं नाही. तुमच्या थडग्यावर केव्हाच गवत माजलं. तरी लिहिते, कारण माझा दादा महत आणि तुम्ही, दोघांचा हट्ट पुरता ओळखणारी आता मीच उरले. बाकीच्यांसाठी नीट सांगते.

मलाक्क्याच्या आमच्या गल्लीत सिओक नेओ ही चिनी बाई, आम्हां सगळ्यांची बिबिक म्हणजे मावशी, डफ घेऊन बसली, की समोर मलाय महत. ती चार ओळींचा पंतुन गायची, तो चार ओळींत परतवायचा. उत्तर सुचलं नाही तर हार. तशी वेळ कुणावरच आली नव्हती.

मग राजधानीत चिनी-मलाय दंगल पेटली. महतचा मुलगा जलील कपाळाला टाके घेऊन घरी आला. गल्लीत माणसं माना वळवून चालू लागली. नेमकं तेव्हाच सिओक नेओच्या नातीचं लग्न. तिनं मनाशी धरलं, महत एकदा गायला की सगळे पुन्हा एका मांडवात बसतील. तो आला, पण नवं कातडं चढवायला नेलेला तिचा डफ न घेता, रिकाम्या हातानं.

"माझा डफ कुठंय रे?"

"कातडं वाळतंय अजून."

"बोकडाचं घातलंस की हत्तीचं?"

दोघेचौघे हसले. महत नाही. उसन्या आणलेल्या डफावर तिनं सुरुवात केली:

पुलाखालून गेली नाव,
वल्ह्याला लागली माती ओली;
तुझंमाझं एकच गाव,
का रे अशी बदलली बोली?

व्हायोलिनवाला उत्तराची वाट बघत तीच धून घोळवत राहिला. महतनं तोंड उघडलं. तेवढ्यात फाटकातून जलील म्हणाला, "अबा, चला." महतची नजर त्या टाक्यांवर गेली. तो उठला, विडाही न घेता निघाला. त्याच्यामागून मलाय पाहुणे एकेक करून उठले. सिओक नेओ रिकाम्या चटईसमोर डफ वाजवतच राहिली.

पुढे मी तिला म्हटलं, "बिबिक, डफ तयार आहे. आणून देऊ?"

"तू नको. त्या म्हाताऱ्याला सांग, उत्तर घेऊन ये, येताना डफ आण."

दादाला सांगितलं. तो फणकारला, "कुठल्या तोंडानं जाऊ? डफ तिचा आहे, येईल न्यायला."

समोरासमोरची दारं! दोघंही गेली. नवं कातडं चढवलेला डफ आमच्याच खुंटीवर आहे.