गाऱ्हाण्याला होय म्हणणारा

मी आज जो कोणी आहे तो सुमनआतेमुळे. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी पुण्याला निघालो तेव्हा आमच्या कट्टा गावच्या एसटी स्टँडवर सोडायला तीच आली होती. पिशवीत गुळातल्या खाज्याची पुडी कोंबत म्हणाली, "थंय मान खाली घालून ऱ्हव नको रे. वाकडी ऱ्हवता ती."

आते काजूच्या कारखान्यात कामाला होती. तिथला मुकादम गर तपासायच्या निमित्ताने बायकांच्या अंगाला हात लावायचा. एके दिवशी आतेने सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला. आमच्याकडे देवळात एकजण गाऱ्हाणं घालतो आणि सारा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. त्या दिवशी कोणीच तोंड उघडलं नाही. घरीही कोणी तिची बाजू घेतली नाही, उलट तिलाच विचारलं, "तो तसोच आसा, तू कित्याक बोललंस?" काम गेलं ते आतेचं. मग लोकांच्या बागांत राबून तिने मला शिकवलं.

पुण्याच्या ऑफिसात ट्रेनिंग झालं. नुसता स्पर्शच नव्हे, शरीरावरचे शेरे, घाणेरडे विनोद, नको असताना येणारे मेसेज, हा सगळा लैंगिक छळच. 'मस्करी केली' म्हणून तो धुतला जात नाही. बाकीचे चहाची वाट पाहत होते. मला आते दिसत होती. तिच्या बाबतीत जे झालं त्याला नाव होतं तर. आम्ही इतकी वर्षं त्याला आतेचं फटकळ तोंड म्हणत आलो होतो.

पुढे माझ्या शेजारी बसणाऱ्या रेश्माने आमच्या टीम लीडरविरुद्ध अंतर्गत समितीकडे तक्रार केली. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून खांद्यावर हात ठेवायचा. ती झटकायची, तो हसायचा. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. साक्षीची वेळ आली तेव्हा कोणाला काही आठवेना. टीम लीडरने मला कॅन्टीनमध्ये गाठलं. "तुम्ही कोकणातली साधी माणसं. कन्फर्मेशन बाकी आहे ना तुझं?"

मी समितीपुढे गेलो आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. चौकशी अजून चालू आहे. कन्फर्मेशन लांबलंय. लांबू दे. गाव सुटला, पण गावाची एक रीत मी बरोबर आणली आहे. ती जिथे पाळता येईल तिथे माझं घर.

फोनवर हे आतेला सांगता आलं नसतं, म्हणून साक्ष दिली त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं:

"आते, आज हाफिसात एका चेडवाच्या गाऱ्हाण्याक मी व्हय म्हटलंय. बाकीचे गप ऱ्हवले. नोकरी गेली तर दुसरी शोधीन. मान सरळ आसा. तुझ्या वेळाक मी नव्हतंय, म्हणान तुझ्या गाऱ्हाण्याक आज सांगतंय. व्हय म्हाराजा."