शाई लागली, मत राहिलं

आमचे खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली, ती नेमकी तेंदूपत्त्याच्या हंगामात. ज्यांनी तारीख ठरवली त्यांनी तेंदूचं पान कधी तोडलं नसणार. त्या दिवसांत गोंदियाच्या जंगलपट्ट्यातली गावंच्या गावं पहाटे रानात असतात. पानं आणायची, लगेच पुडे बांधायचे, फडीवर, म्हणजे खरेदीच्या जागी न्यायचे. पान आकसलं की ठेकेदाराचा मुन्शी घेत नाही.

मी शाळेत शिकवते. माझी ड्यूटी दरेकसाच्या पुढच्या एका गावी लागली. काम शाई लावायचं. अंगठा घ्यायचा, डाव्या तर्जनीवर रेघ ओढायची, चिठ्ठी द्यायची.

साडेआठला माझ्याच वयाची एक बाई आली. डोक्यावरचा पानांचा बोझा तिने व्हरांड्यात उतरवला.

"पोटनिवडणूक म्हणतेत ना जी मॅडम, आन पोटाचंच काम सोडून या लागते!"

रांगेतल्या बाया हसल्या. मीही हसले, अंगठा घेतला, शाई लावली. ती मशीनकडे वळली आणि मशीन बंद पडलं.

दुसरं मशीन निघालंय, केंद्राध्यक्ष म्हणत होते. तासभर गेला. "पानं सुकून राहिली ना जी," ती म्हणाली. शेवटी मीच म्हटलं, "जाऊन ये. जंगलपट्ट्यात मतदान तीनपर्यंत चालू आहे." शाई लागल्यावर जाऊन परत येता येतं का, हा नियम मला ठाऊक नव्हता, तरी ठासून सांगितलं. शिकवून शिकवून लागलेली खोड.

ती गेल्यावर दुसरं मशीन आलं. ती अडीचला आली, लुगडं बदलून. केंद्राध्यक्षांनी रजिस्टर पुढे सरकवलं. तिच्या नावापुढे त्यांनी कधीच लिहून ठेवलं होतं: मतदान न करता निघून गेली.

"इसका हो गया, मॅडम."

"काही झालेलं नाही. मशीन बंद होतं. मी पाठवलं तिला."

"तो आपने क्यों भेजा?"

पण 'निघून गेली' म्हणजे काय? निदान 'मशीन बंद पडल्यामुळे' एवढं तरी लिहा, म्हटलं. रकान्यात जागा नाही, म्हणाले.

ती बोट पुढे करून उभी होती. "मंग हे कायले लावलं? पुसून द्या."

पुसता येत नाही, हे सांगायचं कामही माझंच.

मी कोऱ्या कागदावर तिचा अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, खाली माझी सही केली. संध्याकाळी तहसील कार्यालयात मतदानाचं साहित्य जमा करताना तो तिथल्या बाबूपुढे ठेवला.

"हा कोणत्या पाकिटातला?" त्याने विचारलं. हिरवं, पिवळं, पांढरं, प्रत्येक कागदाला पाकीट होतं. याला नव्हतं.

"पाकीट तुम्ही ठरवा. मला पोच द्या."

"अहो मॅडम, एका मतासाठी?"

मी खुर्चीवरून उठले नाही. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा त्याने पोच लिहिली. विषयाच्या जागी लिहिलं: किरकोळ.