पोत्यातलं वासरू

नगरला आम्हा पशुधन पर्यवेक्षकांचं उजळणी प्रशिक्षण होतं. कर्जतकडचे एक पन्नाशीचे पर्यवेक्षक बोलायला उभे राहिले. माईकसमोर त्यांचा आवाज कापायला लागला, तसे ते खाली उतरले. "भाषन काय जमंना. गाय अडल्यावर काय करायचं, ते दावतो," म्हणाले.

पोत्यात त्यांनी चिंध्यांचं वासरू आणलं होतं, एक पाय मुद्दाम दुमडलेलं. एकेकानं डोळे मिटून, पोत्यात हात घालून तो पाय सरळ करायचा. कुणी घाई केली की ते मनगट धरायचे. "दमानं. कळ आली की मगच वढा."

मी नोकरीत नवी, आणि तिथं एकटीच बाई. गावात गाय अडली की लोक मला सोडून पुरुषाला बोलवायचे. त्यामुळे मी मागेच थांबले. सगळे चहाला गेले, पण त्यांनी पोतं आवरलं नाही.

"ताई, तुमी राहिल्यात."

"मला कोण हात लावू देतंय?"

"गायीला इचारलं का? हात कुनाचा, ते ती न्हाई बघत."

मी कोपरापर्यंत हात घातला. खूर सापडला, तो तळहातात धरून अलगद पुढे आणला.

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. पण त्यानंतर कुठंही गाय अडली, की मी बाह्या सारून आधी पुढे व्हायचे.