अण्णाची एकी आणि आत्याची कट्टी

जगातली निम्मी दुखणी माणसं एका टेबलाभोवती बसत नाहीत म्हणून होतात, आणि उरलेली निम्मी त्याच कारणानं बरी होत नाहीत, असं माझ्या धाकट्या आतेभावाचं, अण्णाचं, ठाम मत आहे. असलं मत बाळगून गप्प बसणारा तो नाही. एकमेकांशी न बोलणारी माणसं अण्णानं आणून बसवली नाहीत असं टेबल तंजावुरात आता शोधावंच लागेल. तो फार्मसी शिकवतो, मी नर्सिंग शिकवते, आणि दोन्ही कॉलेजं एकाच आवारात असल्यामुळे त्याच्या मतांचा पहिला मार मला बसतो. आमच्या नातलगांत मराठी बोलणारे पुष्कळ, पण देवनागरी वाचता येणारे आता औषधापुरतेच उरलेत, आणि अण्णा त्यांतला नाही. म्हणून तर हे सगळं मी निर्धास्तपणे लिहिते आहे.

आठवड्यातून एकदा डॉक्टरकीची, नर्सिंगची, फार्मसीची आणि फिजिओथेरपीची मुलं एका खोलीत कोंडून त्यांना एकमेकांशी बोलायला शिकवायचं, हे काम कॉलेजनं अण्णाकडे दिलंय. कागदोपत्री त्या तासाचं नाव भलं लांबलचक आहे. मुलं त्याला ‘कूट्टांचोरु’ म्हणतात, म्हणजे पोरांनी आपापल्या घरून मूठमूठ आणून एकाच भांड्यात शिजवलेला भात. अण्णाला हे नाव चेष्टेनं ठेवलंय हे कळत नाही. तो ते अभिमानानं पाहुण्यांना सांगतो. या तासाला कोणी आपलं स्वतःचं काम करायचं नाही, असा दंडक. फार्मसीच्या मुलानं पेशंट होऊन पलंगावर पडायचं, आणि भावी डॉक्टरांनी त्याला न उठवता त्याच्या अंगाखालची चादर बदलायची. एकदा एका भावी सर्जननं इतक्या आत्मविश्वासानं चादर ओढली की चादरीसोबत पेशंटही खाली आला. सगळे हसले. अण्णा मात्र गंभीर होता. म्हणाला, “पेशंट पडला याचं मला काही नाही. पाडण्याआधी कोणी कोणाला विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.” खाली पडलेल्या मुलाचं याबाबत काय मत होतं ते अजून कोणी विचारलेलं नाही.

त्याच्या वर्गात ‘माझा पेशंट’ हे दोन शब्द उच्चारायला बंदी आहे. पेशंट सगळ्यांचा. चुकून कोणाच्या तोंडून निघाले तर त्यानं सगळ्यांसाठी कॅन्टीनमधून कॉफी आणायची. एकदा एक नावाजलेले वयस्कर सर्जन पाहुणे म्हणून आले आणि बोलायला उभं राहताच म्हणाले, “माझे पेशंट मला नेहमी सांगतात...” अण्णा तत्परतेनं उठला, त्यांच्याजवळ गेला, आणि आपल्याला साखर कमी लागते असं त्यांना हळूच सांगून परत जागेवर बसला. ते सर्जन पुन्हा आमच्या कॉलेजात आले नाहीत.

हे वेड कॉलेजच्या फाटकाशी थांबलं असतं तरी चाललं असतं. माझ्या बहिणीच्या लग्नात भटजी, आचारी, नादस्वरवाला आणि फोटोग्राफर यांनी आयुष्यात एकदाही एकत्र बसून चर्चा केलेली नाही, हे अण्णाच्या ध्यानात आलं. त्यानं चौघांना वधूपक्षाच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. चौघांचं फार चांगलं जमलं. आचारी आणि नादस्वरवाला एकाच गावचे निघाले, भटजींनी फोटोग्राफरच्या मुलीसाठी स्थळ सुचवलं, आणि बाहेर मांडवात नवरामुलगा हातात मंगळसूत्र धरून उभा होता. मुहूर्त अगदी टळायच्या बेतात आला तेव्हा माझ्या बाबांनी दारावर लाथ मारली. अण्णाचं म्हणणं असं की बैठक यशस्वी झाली होती, फक्त तिला वेळ कमी पडला.

आता या माणसाचं घर. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं तीन मजली घर आहे. तळमजल्यावर माझी आत्या, पहिल्या मजल्यावर थोरला आतेभाऊ, दुसऱ्यावर अण्णा. थोरला डॉक्टर. ओरत्तनाडूला त्याचा दवाखाना आहे. आणि साऱ्या तंजावूरला एका टेबलाशी बसवणारा अण्णा या आपल्या सख्ख्या भावाशी कित्येक वर्षं एक अक्षर बोललेला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कारण विचाराल तर हसू येईल. थोरल्यानं लिहून दिलेली एक चिठ्ठी अण्णानं पेशंटच्या देखत वाचली आणि यातली ही दोन औषधं एकत्र नकोत असं म्हणाला. थोरला म्हणाला, चिठ्ठी दुकानदारासाठी असते, परीक्षकासाठी नसते. झालं. त्यातलं बरोबर कोण होतं हे दोघांनाही आता आठवत नसावं, पण अबोला मात्र दोघांनी मुंजीतल्या जानव्यासारखा सांभाळला. जावाजावांचं उत्तम होतं, डबे वरखाली जात, मुलं एकत्र वाढली. फक्त या दोघांना जिन्यात एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून अख्खं घर थोरल्याच्या स्कूटरच्या आवाजावर चाले. स्कूटर गल्लीबाहेर गेली की अण्णा जिना उतरायचा. आत्या याला भांडण म्हणत नसे. लहान मुलं करंगळी दाखवून जी घेतात, तिचंच नाव तिनं त्याला दिलं होतं, ‘कट्टी’.

मागच्या वर्षी आत्याला भोवळ यायला लागली. उठली की भिंत धरायची, न्हाणीघराच्या दारात दोनदा तोल गेला, आणि एकदा तुळशीपाशी पडून कपाळाला खोक पडली. या वयात हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतं, हे आम्ही सगळे दवाखान्यातली माणसं जाणून होतो. माझा जीव खालीवर व्हायचा. आई गेल्यावर माझी वेणी घालायला मला तीच होती. थोरला म्हणे, वयामुळे होतं. अण्णा म्हणे, वयामुळे होतं. एवढ्या एका बाबतीत दोघांचं न बोलता एकमत होतं.

तेवढ्यात अण्णाच्या तासात घरभेटीचा धडा आला. चार विषयांच्या चार मुलांनी एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन त्याला काय होतंय ते पाहायचं आणि मिळून वर्गात सांगायचं. घरी बसून तासभर बोलेल असा पेशंट मिळेना, म्हणून अण्णानं आपली आईच देऊ केली. मुलं सकाळी पोचली ती नेमकी स्कूटर निघायच्या वेळी. थोरल्यानं आईला गोळी दिली, मुलांकडे साशंक नजरेनं पाहिलं आणि तो निघाला. स्कूटरचा आवाज विरला तसा अण्णा उतरला. त्यानंही आईला गोळी दिली, मुलांना म्हणाला की मी इथं नाही असं समजून काम करा, आणि कॉलेजला आला.

दुपारी वर्गात चौघं सांगायला उभी राहिली. मी मागच्या बाकावर होते. डॉक्टरकीची मुलगी पुढे झाली. सरांची आई म्हणून तिचा आवाज कापत होता. ती म्हणाली की पाटींची, म्हणजे आजींची, मुख्य तक्रार भोवळ नाही. पाटींना एक कट्टी आहे. तमिळमध्ये कट्टी म्हणजे गाठ. बरीच जुनी. सुरुवातीला लहान होती, आता घट्ट झालीय, दुखते का विचारलं तर न दुखायला काय झालं म्हणाल्या. दाखवायला मात्र तयार झाल्या नाहीत. डॉक्टर मुलाला दाखवलीत का विचारलं, तर म्हणाल्या, त्याला ठाऊक आहे. दोघांनाही ठाऊक आहे.

अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. बायका अंगावरची गाठ कशी वर्षानुवर्षं पदराखाली लपवतात हे त्याला काय, मला काय, नव्यानं सांगायला नको होतं. क्षणभर मीही घाबरले. त्यानं कसंबसं विचारलं, “कुठे आहे?”

मुलगी गोंधळली. म्हणाली, “जागा नीट कळली नाही, सर. दोन मुलांच्या मध्ये, असं म्हणाल्या. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या बाळंतपणाच्या मधल्या काळात झाली असावी, असं आम्ही धरलं.”

त्या खोलीत मराठी समजणारी माणसं दोनच होती. एक मी, आणि दुसरा फळ्याला टेकून उभा होता. आत्या त्या मुलांशी तमिळमध्येच बोलली असणार, पण घरातलं दुखणं घरच्या शब्दात निघालं. मला आधी हसू आलं, मग ती दोन मुलं कोणती ते ध्यानात आलं. अण्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे चला, एवढंच म्हणाला. मग फिजिओथेरपीचा मुलगा म्हणाला की बसल्या जागी पाटी ठीक असतात, उभ्या राहिल्या की तोल जातो. डॉक्टरकीची मुलगी म्हणाली, हो, उभं राहिल्यावर रक्तदाब फार उतरतो. फार्मसीचा मुलगा खाली मान घालून म्हणाला की त्यानं सकाळी दोघांकडून गोळ्यांची पाकिटं मागून पाहिली होती, नावं वेगळी आहेत, आत औषध एकच आहे, रक्तदाबाचं. थोरला आपलं पाकीट सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरे, अण्णा आपलं पिशवीत. कोणाला दिसणार?

“पाटींना हे माहीत होतं का?” अण्णानं विचारलं.

नर्सिंगची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, उत्तर द्यायला तयार नव्हती. पाटींनी कोणाला सांगू नको म्हटलं होतं. मग म्हणाली, “माहीत होतं, सर. एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाही घेतली, तर दुसऱ्याला वाईट वाटेल, म्हणाल्या.”

अण्णानं तास तिथंच संपवला. इतक्या वर्षांत मुलांचं काम पहिल्यांदा त्याला हवं तसं झालं होतं. चौघांनी आपापली मूठ आणली होती, भात शिजला होता, आणि तो शाबास म्हणायला विसरला. आम्ही दोघं ओरत्तनाडूची बस धरून गेलो. वाटेत ड्रायव्हर आणि कंडक्टर शिट्टीवरून एकमेकांवर खेकसत होते, एरवी अण्णानं त्यांना पुढच्या थांब्यावर उतरवून टेबल शोधलं असतं. आज तो खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत बसला. दवाखान्यात गर्दी होती. मी आत जाऊन सांगते म्हटलं तर नको म्हणाला, आणि बाकावर खोकणाऱ्या माणसांच्या ओळीत बसला. त्याची पाळी आली. थोरल्यानं मान वर केली आणि सवयीनं, समोर कोण आहे हे दिसायच्या आत, विचारलं, “काय होतंय?”

अण्णानं पिशवीतलं पाकीट टेबलावर ठेवलं. “आईस रोज तुझी देतोस ती, आणि माझी ही. दोन्ही घेत्ये ती.”

थोरल्यानं ते उलटसुलट करून वाचलं. मग खिशातलं आपलं काढून शेजारी ठेवलं. दोन्हींवरची बारीक अक्षरं त्यानं बोट ठेवून जुळवून पाहिली. शेवटी थोरला म्हणाला, “मज विचारलं असतंस तर?” आणि अण्णा म्हणाला, “तूही.” बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले, म्हणून पुढचं बोलणं दोघांनी कामापुरतं केलं. गोळी कोणती, केवढी, कधी. क्षमा वगैरे कोणी कोणाची मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही.

पंधरवड्यात आत्याची भोवळ गेली. अण्णाच्या डोक्यात लगेच कारभार शिरला. एकाच कामाला दोन माणसं कशाला, म्हणून त्यानं पाळी लावली. एक दिवस थोरला, एक दिवस अण्णा. त्याच्या वर्गात हा घरचा दाखला म्हणून शिकवला जाऊ लागला. सगळं इतकं सुरळीत झालं की मला ते थोडंसं बेचवच वाटायला लागलं होतं. एका सकाळी आत्याकडे गेले तर ती आरामखुर्चीत दाराकडे तोंड करून बसली होती. बरी आहेस ना विचारलं. म्हणाली, “बरी आहें गे. अत्तां पडत नाहीं.” मग जरा थांबून म्हणाली, “कट्टी होती तेव्हां दोघंही रोज येत.”

मी हे अण्णाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून स्कूटर लवकर निघत नाही. दोघं जिन्यावरून एकापाठोपाठ खाली येतात, एकाच्या हातात गोळी असते, दुसऱ्याच्या हातात पाण्याचं टंबळर. आत्या ती एवढीशी गोळी गिळायला हल्ली फार वेळ लावते.