पहिली जाहिरात, ळ वगळून

ज्यांच्या धंद्यात पैसा असतो ते हिशेब सांगतात. आमच्या धंद्यात पैसा नव्हता, त्यामुळे आमच्याकडे किस्से साचले. कुणी चहा पाजला की एक काढतो, भजी मागवली की सगळे!

गोष्ट सेलूची, नामांतराचा वाद पेटलेला होता त्या वर्षांतली. साप्ताहिक माझा मित्र बाळासाहेब याचं. तो मालक, संपादक आणि अग्रलेख लिहिणारा. मी व्यवस्थापक, म्हणजे सायकलवरून अंक वाटणारा!

बाळासाहेबाचे वडील अण्णा. मोंढ्यात, म्हणजे गावच्या शेतमालाच्या बाजारात, त्यांची कापसाची अडत होती. अण्णांनी एकदा शब्द दिला की फिरवायचा नाही, ही त्यांची सगळ्या मोंढ्यात ख्याती. त्यांनी मुलाला बजावलं, "दिवाळीपर्यंत एक जाहिरात आण. एकच. पण नगद! आली तर तुझा पेपर तुला लखलाभ. न्हाई आली तर गपगुमान दुकानात येऊन बसायचं."

बाळासाहेबाला कापसाच्या नुसत्या वासानं शिंका यायच्या. त्याच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न होता हो!

* * *

आमचा अंक मन्मथप्पांच्या छापखान्यात छापला जायचा. मन्मथप्पा कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग सावरत, एकेक अक्षराचा खिळा जुळवत बसायचे. माणूस सज्जन, पण स्वस्त म्हटलं की भान सुटायचं.

हैदराबादला एक छापखाना बंद पडला आणि तिथले टाइप मातीमोल भावात निघाले. मन्मथप्पांनी पोती भरून आणले. सेलूत आल्यावर कळलं की छापखाना हिंदीचा होता. म्हणजे सगळी अक्षरं होती, फक्त 'ळ' नव्हता!

"बाकी समदं हाय की," मन्मथप्पा आम्हालाच समजावायचे, "एका अक्षरानं काय अडायलंय?"

पुण्याहून त्यांनी मूठभर ळ वेगळे मागवले आणि ते भस्माच्या डबीशेजारी ठेवले.

साप्ताहिकाचं नाव आम्ही 'खळबळ' ठरवलं होतं. ते ऐकून मन्मथप्पा उभेच राहिले. "एका नावात दोन ळ? घर बुडवता का माझं?"

मग नाव पडलं 'दुधनेचा आवाज'. दुधना नदीला वर्षातले आठ महिने आवाज नसतो. आम्हालाही नव्हता, त्यामुळे नाव शोभून दिसलं.

* * *

ळ वाचवायचा म्हणून आमची भाषा फार उच्च दर्जाची झाली. 'शाळा' गेली, 'विद्यालय' आलं. 'केळी महागली' ही बातमी तर आम्ही सोडूनच दिली.

त्या साली पाऊस झाला नव्हता. बाळासाहेबानं ठळक मथळा दिला, 'तालुक्यात अवर्षण!' दुष्काळ छापायला परवडत नव्हता ना!

अंक घेऊन मी देवगाव फाट्याला गेलो. तिथल्या हॉटेलवाल्या नामदेवानं मथळा मोठ्यानं वाचला आणि घाबरून विचारलं, "हा अवर्षण कोण हाय? आन् तालुक्यात कशाला आलाय?"

* * *

जाहिरातीसाठी आम्ही कोणाचे पाय धरले नाहीत ते विचारा!

हाच नामदेव म्हणाला, "माझ्या हॉटेलाची जाहिरात छापा. वर्षभर दोघांना चहा फुकट." आम्ही नाचत अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणाले, "चहा मोंढ्यात चालतो का? नगद म्हणलो होतो मी."

मग बाळासाहेबाला अक्कल सुचली. एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. न विचारताच अर्धं पान शुभेच्छा छापल्या आणि बिल घेऊन त्यांच्या दारात गेलो. पुढाऱ्यांनी अंक कपाळाला लावला. बिल मात्र हातात घेतलं नाही.

"शुभेच्छा दिल्या तुमी मला. लय आनंद झाला. पण शुभेच्छाचे पैसे घेत असतेत का, येड्या?"

वर त्यांनी आणखी पन्नास अंक मागून घेतले. फुकट!

* * *

आता जरा वेगळा किस्सा.

विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव आग लागलेली. लोकांची घरं जळत होती. आणि आमच्या संपादकांनी काय लिहावं? 'नामांतर: एक समतोल चिंतन'! कापडवाल्या शेटजींनी दिवाळीची जाहिरात द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून एवढा समतोल.

परभणीहून कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला. अंक नीट घडी करून हातात धरलेला. म्हणाला, "साहेब, तुमचा अग्रलेख दोनदा वाचला. तुमी परभणीला जायलाय का सेलूला यायलाय, तेच समजंना."

आम्ही हसलो. तो हसला नाही. "आमच्या मामाचं घर गेलं," एवढं बोलून तो स्टेशनकडे निघून गेला.

बाळासाहेब त्या दिवशी जेवला नाही. पुढच्या अंकात त्यानं सरळ लिहिलं, नाव बदललंच पाहिजे. आडवळण नाही, चिंतन नाही. मला त्याचा त्या दिवशी फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

शेटजींनी लगेच जाहिरात मागे घेतली. "तुमचं खरं हाय हो," ते म्हणाले, "पण आमाला दोन्ही बाजूंना कापड विकायचं असतंय."

* * *

त्यात पोळा आला. बाळासाहेबानं हट्टानं पोळा विशेषांक काढला. पोळा, पोळ्याचे बैल, पोळ्याच्या कविता! झिजून झिजून आधीच अर्धे झालेले ळ त्या अंकात कामी आले. मन्मथप्पांनी त्यांना हात जोडले आणि ळच्या खणात ल भरून टाकला. नवे ळ कधी आणणार, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पहिली जाहिरात येऊ द्या की!"

आणि खरंच आली! एका वकिलांनी जाहीर नोटीस दिली: अमुक गावच्या काळे यांच्याकडून कोणी जमीन घेऊ नये. छापून झाल्यावर नगद पैसे देतो म्हणाले. आम्ही पेढे आणायला निघालो होतो.

अंक पाहून वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "यात 'काले' छापलंय. ही नोटीस आमच्या काळेला लागूच होत न्हाई. आता सेलूत कोणी काले हुडका आन् त्याच्याकडून पैसे घ्या!"

शुद्धिपत्र छापतो म्हटलं, तर त्यातही ळ लागणार होता!

हा किस्सा दुपारपर्यंत मोंढ्यात पोचला. अडतवाले पोट धरून हसले. अण्णा तिथेच गादीवर बसून होते. ते म्हणे हसले नाहीत, नुसती मान हलवली.

* * *

दिवाळी चार दिवसांवर आली. शेवटचा अंक जुळत होता. बाळासाहेबानं दुकानात नेसायला नवं धोतर काढून ठेवलं होतं आणि आजच सवय व्हावी म्हणून की काय, गप्प बसला होता.

तेवढ्यात दारात टोपी दिसली. अण्णा! ते छापखान्याची पायरी कधी चढले नव्हते.

आत येऊन त्यांनी खिशातून कागद काढला आणि मुलाकडे न बघता मन्मथप्पांपुढे धरला. "छापायचं हाय. वाचा मोठ्यानं."

मन्मथप्पांनी वाचलं, "तमाम लोकांना इत्तिला देण्यात येते की, माझा मुलगा बाळासाहेब हा माझ्या सांगण्यात नाही. त्याच्याशी कोणी देवघेव केल्यास मी जबाबदार नाही."

ट्रेडल मशीन थांबलं. बाळासाहेबाचा चेहरा असा पडला की माझ्याच्यानं बघवेना. बापानं मुलाला मुलाच्याच पेपरात तोडायचं! मला अण्णांचा संताप आला.

मन्मथप्पा चाचरत म्हणाले, "पण अण्णा, आमच्याकडं ळ न्हाई."

"ठाऊक हाय. समद्या मोंढ्याला ठाऊक हाय." अण्णांनी नोटा काढून मन्मथप्पांच्या पुढ्यात ठेवल्या. "ल लावा. आन् पावती द्या. पावतीवर 'नगद' लिवा."

मन्मथप्पांनी कागद पुन्हा वाचला. सगळ्या मजकुरात ळ एकाच ठिकाणी होता.

अंक निघाला. बाळासाहेब तो घेऊन घरी गेला, मी सोबत होतो. अण्णांनी चष्मा लावून नोटीस वाचली, घडी घातली आणि उशाखाली ठेवली.

बाळासाहेब खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, नाव चुकलंय. बालासाहेब झालंय. पुण्याहून ळ आले की शुद्धिपत्र देतो."

अण्णा एकदम ओरडले, "शुद्धिपत्र छापलंस तर तंगडं मोडीन!"