कौतुकाची कडक भाकरी

टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या सुनेवर मी टोपणनावानं गोष्ट लिहिली आणि मालिकेच्या फॅनग्रुपवर टाकली. गोष्टीत सासू तिला छळायला कडक भाकरी वाढते. रत्नागिरीहून लग्न करून सोलापुरात आल्यावर माझ्या ताटात तीच पडली होती.

सगळ्यांनी 'लई भारी' लिहिलं. एका टोपणनाववालीनं मात्र झाडलं, 'कडक भाकरी आम्ही सोलापूरकर कौतुकानं वाढतो. सुनेला तोंड नव्हतं का विचारायला?'

माझं डोकंच फिरलं. भाजी करपत होती, तरी मी उत्तर ठोकलं, 'माझी सासू कशी आहे ते तुम्हाला काय माहीत!'

त्याच क्षणी बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या फोनवर मेसेजची टिंग वाजली. मी गॅस बंद केला.

"मला माहीत हाय की," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "आता तरी तोंडानं विचार."